सराफ्यातलं पटवाकाम: मंगळसूत्र गाठवायला देताना

इंदूरच्या सराफ्यात मोठ्या पेढ्या मागे टाकून आतल्या गल्ल्यांत शिरलं की पटव्यांच्या, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून गाठवून देणाऱ्यांच्या, बैठकी लागतात. गादी, सुया, मेण, रंगीत दोऱ्याची रिळं, बाजूला छोटा काटा. मंगळसूत्र, ठुशी, चिंचपेटी गाठवायला इथलं काम चांगलं आहे: गाठ बारीक, ओवणी सारखी, आणि दिवसाउजेडी गेलात तर समोर बसून करून मिळतं. तक्रारीला जागा आहे ती हिशेबात आणि घाईत.

पटवा चांगला की नाही, ते दोरा कापण्याआधीच कळतं. जाणता पटवा आधी क्रम विचारतो. दोन वाट्यांच्या मध्ये मणी आहे का, बाहेरून किती, पोत दुपदरी की एकपदरी, हे घराघरात वेगळं असतं. नव्या पटव्याच्या डोळ्यांपुढे पेंडलवालं मंगळसूत्र असतं, त्यामुळे वाट्यांचा क्रम तो अंदाजाने लावून मोकळा होतो. म्हणून कापण्याआधी पुढून आणि मागून एकेक फोटो काढून ठेवा.

वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची. दोन सोनारांनी घडवलेल्या असतील तर एक उथळ, एक खोलगट, काठही जुळत नाहीत. दुकानातून हमखास सल्ला मिळतो, ‘मोडीत घालून नवी जोडी घ्या, एकसारखी दिसेल.’ सोन्याच्या भावाने बघितलं तर सल्ला चुकीचा नाही. पण आईने घातलेली वाटी आटवली की ती परत येत नाही, आणि गळ्यात वागवायची असते ती तीच. कुठली कुठल्या बाजूला ते लक्षात राहावं म्हणून उतरवण्याआधी माहेरच्या वाटीच्या कडीला लाल दोरा बांधून द्या. पॉलिशलाही नकार द्या. घासताना थोडं सोनं जातंच, शिवाय जुन्या वाटीवरची ठशाची नक्षी बोथट होते. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतलं तरी पुरे.

आता नेमकं काय झिजतं ते. दोरा तुटतो तो बहुतेक वेळा वाटीच्या कडीपाशी. शेजारचा मणी सतत घासून कडीचा आतला काठ पातळ आणि धारदार होतो, आणि तोच दोरा कापतो. अशा कडीत नवा दोरा ओवला तर तोही टिकत नाही. कडी उजेडासमोर धरून बघा. एका जागी बारीक झालेली दिसली तर आधी सोनाराकडून डाक (धातू वितळवून दिलेला जोड) लावून घ्या, मग ओवणी. मात्र पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. ते मणी बाजूला काढल्याशिवाय आगीजवळ जाऊ देऊ नका, लाख वितळून बाहेर येते. तारेत गुंफलेली काळी पोत असेल तर तिथेही आंच चालत नाही, काचेचे मणी तडकतात. तार पिळून बसवणारा कारागीर हवा.

ठुशीच्या गोंड्याचं काम इथे खास बघण्यासारखं. सरकती गाठ इतकी घट्ट बसवतात की गळ्याशी हवी तशी लावता येते आणि आपोआप सैल पडत नाही. मोत्यांना मात्र रेशीमच सांगा. मोठ्या मोत्यांच्या माळेत दर दोन मोत्यांमध्ये गाठ मागा. दोरा तुटला तर एखादाच मोती घरंगळतो, सगळी माळ नाही.

हिशेब. काम देण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वजन समोर करून घ्या. नवं मंगळसूत्र घेत असाल तर बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. एकूण 24 ग्रॅममध्ये 6 ग्रॅम काळे मणी असतील तर सोन्याचा भाव 18 ग्रॅमलाच लागायला हवा. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळखक्रमांक) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. पण 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि सुट्या हलक्या वाट्या नेमक्या त्यातच बसतात. तेव्हा 22 कॅरेट, 916 असं बिलावर लिहून द्यायला लावा. छोट्या गाठाईचं बिल बरेच जण देत नाहीत, किमान वजनाची चिठ्ठी तरी मागा.

मंगळसूत्र वाढलं असेल तर काम होईपर्यंत गळा रिकामा ठेवायचा नाही म्हणून पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून निघा. साधी काळी पोतही चालते.

वेळ दुपारची गाठा. संध्याकाळी पेढ्या आवरायला लागतात आणि त्याच ओट्यांवर रात्रीच्या खाऊबाजाराची, भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढायची तयारी सुरू होते. त्या गडबडीत दिलेल्या कामात शेवटची गाठ सैल राहते. उठण्याआधी दोन्ही टोकं हलक्या हाताने ओढून बघा, आणि बदललेली जुनी कडी, उरलेले मणी मागून घ्या. कडी कितीही बारीक असली तरी ती सोन्याची आहे.