फोनवर सिनेमा काढायचा की कॅमेरा भाड्यानं घ्यायचा?

दिग्दर्शक डॅनी बॉयलचा ‘२८ इयर्स लेटर’ हा सिनेमा आल्यापासून निर्मात्यांच्या तोंडी एक वाक्य बसलंय: ‘डॅनी बॉयल आयफोनवर काढतो, मग आपल्याला ॲलेक्सा कशाला?’ ॲलेक्सा म्हणजे ॲरी कंपनीचा मोठा सिनेमा-कॅमेरा. प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात कॅमेऱ्याचं भाडं असतं, आणि बॉयलला ती चिंता नव्हती. २०२५च्या त्या सिनेमाचं बजेट सहा कोटी डॉलरच्या घरातलं. एवढ्या पैशांत भाडं वाचवायला कोण फोन धरतो?

त्यानं आणि छायालेखक अँथनी डॉड मँटलनं आयफोन १५ प्रो मॅक्स घेतला तो त्याच्या आकारासाठी. एका चौकटीवर वीस फोन बसवून एकच क्षण वीस कोनांतून टिपता आला, आणि नॉर्थम्बरलंडच्या माळरानावर लहानसा ताफा घेऊन हिंडता आलं. वीस ॲलेक्सा अशा बसवून दाखवा! आणि एक गोष्ट निर्माते सोयीनं विसरतात: फोनला केज, म्हणजे सामान जोडायची धातूची चौकट होती, कित्येकदा पुढे मोठी लेन्स होती, जोडीला इतर कॅमेरेही होते. खिशातून फोन काढला आणि शूट केलं, असा तो प्रकार नव्हताच.

आता आपल्या मापाचं बोलू. ॲलेक्सा ३५चा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, २८ बाय १९.२ मिलिमीटर, आयफोन १५ प्रोचा मुख्य सेन्सर जेमतेम १० बाय ७. म्हणजे क्षेत्रफळ ॲलेक्साच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. अंधारात हा फरक पहिल्याच शॉटला कळतो. उन्हात तरी फोन त्रास देणार नाही असं आम्हालाही वाटलं होतं.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याकडे एका शाळेच्या पटांगणात शूट करत होतो. पोरगं टायर पळवत येतं, एवढाच शॉट. मॉनिटरवर त्याचे पाय जुन्या मूकपटासारखे तुटक दिसायला लागले. बहुतेक फोनचं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) कायम उघडं असतं, कमी-जास्त होत नाही. त्यामुळे भर उन्हात उजेड कमी करायला फोननं शटरचा वेग थेट १/२००० सेकंदाच्या पुढे नेला होता. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सचा गॉगल, लावला, शटर १/५०वर लॉक केलं, तेव्हा कुठे धावणं धावण्यासारखं दिसलं. चौथ्या टेकला फोन तापून स्क्रीन मंद झाली. मग दोन फोन आळीपाळीनं वापरले. एक चालू, दुसरा स्पॉटदादांच्या छत्रीखाली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात पंखा असतो, याचं महत्त्व त्या दिवशी कळलं.

साठवणुकीचंही तेच. फोरके प्रोरेस, म्हणजे कमी दाबलेला उच्च दर्जाचा व्हिडिओ, मिनिटाला सुमारे ६ जीबी खातं, म्हणून बाहेरची एसएसडी (साठवणुकीची डिस्क) लागते. फोनला पोर्ट एकच. एसएसडी लावली की चार्जिंग गेलं, मग हब आणा, तो टेपनं चिकटवा. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत अटेंडंट येतो, तो या सगळ्या कटकटी गिळतो. फोनचा अटेंडंट तुम्हीच. गाड्या, जेवण, लोकेशन, साउंड, डीआय (शेवटची रंगदुरुस्ती) यातला एक रुपयाही कमी होत नाही.

मग फोन घ्यावा कुठे? जिथे कॅमेरा दिसला की माणसं बदलतात तिथे. एसटी स्टँड, लोकलचा डबा, जत्रा. (परवानगी फोनलाही लागते, बरं का.) अमेरिकन दिग्दर्शक शॉन बेकरचं उदाहरण मला बॉयलपेक्षा जास्त कामाचं वाटतं. त्यानं २०१५चा ‘टँजरिन’ आयफोन ५एसवर काढला, साधारण लाखभर डॉलरमध्ये, वर ॲनामॉर्फिक ॲडाप्टर (चित्र रुंद करणारी जोडलेन्स) लावून. पुढे हाती जरा पैसा आल्यावर ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ ३५ मिमी फिल्मवर केला. पण त्याच सिनेमाचा शेवट डिस्ने वर्ल्डमध्ये गुपचूप घ्यायचा होता, तेव्हा पुन्हा आयफोनच काढला. एकाच सिनेमात दोन्ही, आणि दोन्ही आपापल्या जागी.

या भांडणात तिसरा पर्याय उगाच मागे पडतो. ‘द क्रिएटर’ हा आठ कोटी डॉलरचा सिनेमा मुख्यतः सोनी एफएक्स३वर झाला, म्हणजे आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओवालेही वापरतात त्या कॅमेऱ्यावर. सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे फोनच्या कितीतरी पट मोठा, अंधारात दमदार, लेन्स हवी ती लावा, आणि वजन एका हाताचं. बजेट कोटीच्या आत असेल तर माझं मत सरळ याला. ॲलेक्सा तेव्हाच, जेव्हा लाइटमनची पुरेशी फौजही परवडत असेल. नुसता कॅमेरा आणून दोन एलईडींवर भागवणारे बरेच पाहिलेत.

ठरत नसेल तर स्क्रिप्टमधला सगळ्यात अंधारा प्रसंग निवडा, फोन आणि भाड्याचा कॅमेरा अशा दोन्हींवर काढा आणि फायली डीआयवाल्याकडे नेऊन मोठ्या पडद्यावर पाहा. आम्ही कंदिलाच्या उजेडातला, फोनवर काढलेला आजीचा शॉट असा पाहिला. माझ्या हातातल्या स्क्रीनवर तो झकास होता. पडद्यावर मात्र आजीच्या मागची भिंत मुंग्या चढल्यासारखी वळवळत होती. रात्रीच्या शूटच्या सहा दिवसांसाठी एफएक्स३ भाड्यानं आणला. पटांगण, टायर आणि एसटी फोनवरच राहिली.