देवगिरी किल्ला (दौलताबाद): गेटवरचे लोकल गाइड, नक्की घ्या

देवगिरीला लोक जातात, चांदमिनारसमोर फोटो काढतात, अंधारीत, म्हणजे गडावर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईलचा टॉर्च लावून ओरडतात आणि वेरूळला निघून जातात. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम गाइडसाठी लिहितोय, कारण किल्ला तर भारी आहेच पण रामदेवराव यादवांचं राज्य कसं गेलं हे नीट कळायचं असेल तर सांगणारा माणूस पाहिजेच. आम्ही तिकीट खिडकीजवळ उभे असलेल्या गाइडपैकी एका वयस्कर काकांना घेतलं, पैसे आधीच ठरवले, काही कटकट झाली नाही.

काकांची पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे ते समोर दिसेल ते सगळं यादवांच्या नावावर खपवत नाहीत. चांदमिनार बहमनींचा, बाहेरचा अंबरकोट तट मलिक अंबरचा, चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याच्या तानाशाहला कैदेत ठेवलेलं, हे सरळ सांगतात. भारतमाता मंदिरात गेल्यावर मात्र खांबांना हात लावून थांबतात, हे जुन्या देवळांचे खांब आहेत म्हणून.

मग विषय 1296 चा, अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीचा. आपल्याकडं लहानपणापासून एकच ऐकलेलं, की गडावर धान्य म्हणून आणलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या आणि देवगिरी पडली. काका ही गोष्ट सांगतात, गाळत नाहीत, पण तिथंच थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं, "मीठ नंतरचं हो, आधी फौज कुठं होती ते इचारा." फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. अलाउद्दीन तेव्हा सुलतान पण नव्हता, गंगेकाठच्या कडा नावाच्या प्रांताचा सुभेदार, सासऱ्याला म्हणजे दिल्लीचा सुलतान जलालुद्दीनला खरा बेत न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूरवरून (आजचं अचलपूर) थेट इथं आला, आणि इतकं अंतर कापून शत्रू दारात येईपर्यंत राजधानीला पत्ता नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं. सहा वर्षं आधी, 1290 ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या शेवटी याच रामचंद्र राजाचं, म्हणजे रामदेवरावांचं, नाव आदरानं घेतलंय, एवढं भरात असलेलं राज्य, आणि उत्तरेकडं नजर ठेवायला माणूस नाही?

लासूरचा भाग तर आम्ही गंगापूर तालुक्यातले असून कधी ऐकला नव्हता. तिथं कान्हा नावाच्या सरदारानं अलाउद्दीनला अडवलं, त्याच्याबरोबर दोन बायका लढल्या असं ईसामी नावाच्या चौदाव्या शतकातल्या इतिहासकारानं लिहिलंय. लासूर स्टेशनला रोज गाडी पकडणाऱ्या किती जणांना हे माहितेय? आपल्या पोरांना हे शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शंकरदेव परत आला, बापानं तहाचं ठरवलेलं असताना लढला आणि वरचढ पण होत होता, तेवढ्यात अलाउद्दीनचा सरदार नुसरतखान याची राखीव तुकडी आली, ती दिल्लीची मोठी फौज समजून यादवांचे लोक फुटले, कारण मागून सुलतानाची फौज येतीय ही आवई आधीच उठवलेली. तिथून मग खंडणी. हीच लूट नेऊन अलाउद्दीननं त्याच वर्षी सासऱ्याला मारलं आणि तख्त घेतलं.

पुढचं बरेच गाइड सांगतच नाहीत, काकांनी बारादरीच्या (गडावरच्या महालाच्या) वाटेवर बसून सांगितलं. राज्य एका दिवसात गेलं नाही, वीसेक वर्षं झिजत गेलं. खंडणी थकली म्हणून अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामदेवरावांना धरून दिल्लीला नेलं, रायरायान किताब देऊन परत पाठवलं आणि नंतर त्यांनीच काफूरला वारंगळ, द्वारसमुद्राच्या स्वाऱ्यांत मदत केली. शंकरदेवाला हे मान्य नव्हतं, त्यानं मांडलिकी झुगारली आणि 1313 च्या सुमारास मारला गेला. शेवटी रामदेवरावांचा जावई हरपाळदेव उठला, 1317-18 मध्ये अलाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारक खिलजीनं त्याला पकडून फार क्रूरपणे मारलं. हरपाळदेवाचं सांगताना काकांचा आवाज बदलला होता, आणि मला वाटतं रामदेवरावांपेक्षा या दोघांची आठवण आपण जास्त ठेवायला पाहिजे.

आता तक्रार. याआधी मी एका टूरवाल्याच्या बसनं आलो होतो, तासाभरात खाली बोलावलं, अंधारीच्या पुढं जाता आलं नाही. तसं करू नका, निदान अर्धा दिवस ठेवा. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात तो कातळ असा तापतो की पाय ठेववत नाही. पाणी खालूनच भरून घ्या. अंधारीत वटवाघळांचा वास लय येतो, पायऱ्या एकसारख्या नाहीत, म्हाताऱ्या माणसांना हत्ती हौदापर्यंतच (खालच्या मोठ्या पाण्याच्या टाक्यापर्यंत) न्या.

पाचपैकी पाच, काकांना. बाहेर सीताफळाच्या सीझनमध्ये पाट्या लावून बसलेल्या मावश्या असतात, भाव करताना जास्त ताणू नका, फळ चांगलं असतं. आणि गाइड ठरवतानाच सांगून ठेवा, हरपाळदेवापर्यंत सगळं सांगायचं, मधे सोडायचं नाही.