मेंढरांवर पिल्लू शिकवताना : जाणत्या कुत्र्यामागे की दोरीवर?

आमच्या बालाघाटाच्या बाजूला मेंढरांवर कुत्रे शिकवावे लागते, असे फारसे कोणी मानत नाही. पिल्लू जाणत्या कुत्र्यामागे सोडावे, वर्षभरात ते आपोआप तयार होते, ही वाड्याची, म्हणजे मेंढपाळांच्या तळाची, रीत आहे. दुसरी रीत पिल्लाला एकट्यालाच लांब दोरीवर चार शब्द शिकवण्याची. मी दोन्ही रीतींनी एकेक पिल्लू तयार केले असल्यामुळे, निवड करणाऱ्यास माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

वाड्याच्या रीतीत मालकाला फारसे काही करावे लागत नाही. कोकरांच्या अंगावर धावलेल्या पिल्लाला मेंढीच ढुशी देते, आणि रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरे कोंडण्याच्या जाळीभोवती, कोणत्या चाहुलीवर उठायचे व कोणत्या चाहुलीवर पडून राहायचे, हे ते जाणत्याकडून शिकते. लांडग्याचा वावर असलेल्या माळावर हे शिक्षण अनमोल आहे, यात मला शंका नाही.

मात्र माझे पहिले पिल्लू, मोत्या, याच रीतीने वाढले आणि एका गोष्टीने मला जेरीस आणले : ते ‘थांब’ म्हटल्यावर थांबत नसे. त्याला ऐकू येत नव्हते असे नाही. त्याचे सारे लक्ष माझ्याकडे नसून आमच्या जाणत्या, म्हाताऱ्या कुत्र्याकडे, वाघ्याकडे असे, आणि वाघ्याची सवय मागून भुंकत रेटण्याची होती. उघड्या माळावर हे खपून जाते. परंतु आमच्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे, म्हणजे तुरीच्या ओळी, असतात. सोयाबीन निघते आणि तूर पुढे कित्येक आठवडे उभी राहते, त्यामुळे मेंढरे चरतात ती रिकामी पट्टी दोन्ही बाजूंनी पिकाने वेढलेली असते. तिथे मागून रेटलेली खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, पुढे न जाता फाटते आणि निम्मी तुरीत शिरते. शेजाऱ्याची समजूत मी किती वेळा काढली, ते मोजणे सोडून दिले. पुढे वाघ्याच्या पायात काटा मोडला, तेव्हा मोत्या आठवडाभर बैलगाडीखाली बसून राहिला, कारण ज्याच्या मागे जायचे तेच कुत्रे जागेवर नव्हते.

दुसरे पिल्लू, चांदी, ते नऊ महिन्यांचे झाल्यावर मी दोरीवर घेतले. सहा-सात शांत, थोराड मेंढ्या, जाळीचा कोपरा, सकाळी उन्हाआधीची दहा-पंधरा मिनिटे, एवढेच. कुत्रे मेंढरांच्या पलीकडे आणि माणूस अलीकडे, ही या पद्धतीची मांडणी आहे. माणूस सरकला की कुत्र्याने पलीकडची बाजू सांभाळत सरकायचे. इंग्रज मेंढपाळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवताना ‘कम बाय’ आणि उलट फिरवताना ‘अवे’ म्हणतात; मी ‘डावा’ आणि ‘उजवा’ म्हटले, चांदीची त्याला हरकत नव्हती. बॉर्डर कॉली या मेंढरे वळवणाऱ्या विलायती कुत्र्यात वळसा घालण्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली आहे, आपल्या राखणीच्या कुत्र्यांत ती बेताचीच असते. त्यामुळे कॉलीइतक्या लवकर फळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. दोरी पऱ्हाटीच्या खुंटांत अडकते, हा त्रासही खरा आहे. तिच्या टोकाला गाठ ठेवली नाही तर तो बराच कमी होतो.

तरीही ‘थांब’ म्हणताच चांदी जिथल्या तिथे बसते. आपला मेंढका पुढे चालतो आणि हाकेवर खांड मागे येते, त्यामुळे मेंढरे माणसाकडे वळवणारे कुत्रे आपल्या चालीलाही जुळते, असे मला वाटते. शेकडो मेंढरे घेऊन गावोगाव फिरणाऱ्याने वाड्याची रीत सोडावी, असे मी म्हणणार नाही. त्याला दिवसाच्या वळणापेक्षा रात्रीची राखण महत्त्वाची. परंतु तीस-चाळीस मेंढरे घेऊन पिकांच्या मधून वावरणाऱ्याने दोन-तीन महिने दोरी धरण्याचा कंटाळा करू नये.

चांदीला रात्री मात्र मी पहिल्यापासून वाघरीजवळ वाघ्याशेजारीच बांधत आलो. राखण तिला त्यानेच शिकवली.