जास्वंदीची नक्षी पुन्हा रंगवायची आहे: जुना आराखडा ट्रेस करावा की परत झाडापाशी जावं?

शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीत जास्वंद रंगवली नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, संकल्पचित्र, म्हणजे नक्षीचं चित्र, म्हटलं की पाच पाकळ्यांचं लाल फूल, बाजूला दोन हिरवी पानं आणि मागे सपाट पिवळा किंवा निळा. वर्ष-दोन वर्षांनी फाइल आवरताना तो कागद हाती लागतो आणि तेव्हा न दिसलेले दोष आता डोळ्यांत भरतात. मग वाटतं, हेच चित्र परत करून पाहू.

हा विचार पक्का करा. विषय नवा असला की निम्मी शक्ती 'काय काढायचं' यातच संपते. ओळखीच्या नक्षीवर ती सगळी रंगाच्या आणि ब्रशच्या कामी येते. फक्त सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवावं लागतं. जुनंच रेखाटन ट्रेस करून नव्याने रंगवायचं, की ते बाजूला ठेवून खऱ्या जास्वंदीवरून आकृतिबंध, म्हणजे नक्षीत पुन्हा पुन्हा येणारी आकृती, नव्याने बांधायचा? या दोन्ही कामांतून वेगवेगळ्या गोष्टी सुधारतात, त्यामुळे आवडीपेक्षा जुन्या चित्रातला दोष पाहून निवड करणं जास्त फायद्याचं.

दोष नेमका कुठे आहे?

जुन्या चित्राचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. शंभरातल्या बऱ्याच चित्रांत फूल आणि पान एकाच करड्या रंगाचे दिसतील. पोस्टर कलरच्या बाटलीतला शेंदरी लाल आणि मधला हिरवा एकमेकांचे विरोधी रंग असले, तरी उजेड-अंधाराच्या हिशेबात ते जवळजवळ सारखेच असतात. म्हणून रंगीत चित्र भडक वाटतं, पण त्यातून फूल काही पुढे येत नाही. हा दोष रंगाचा आहे. आराखडा निर्दोष असतानाही तो होतो.

दुसरी परीक्षा रेषेची. फक्त बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवा, त्याच्या चार झेरॉक्स काढा आणि त्या दोन-दोन करून जोडा. आता लांबून पाहा. फुलांच्या रांगांमधून रस्त्यासारखे मोकळे पट्टे धावताना दिसले, चार कोपरे मिळतात तिथे भोक पडलं, किंवा वेल जोडावर तुटली, तर रंग कितीही सुंदर लावा, नक्षी सुधारणार नाही. रेषा रंगाशिवायही निर्जीव वाटत असेल तरीही तेच.

पहिल्या परीक्षेत नापास आणि दुसरीत पास, तर ट्रेस करा. दुसरीत नापास, तर झाडापाशी चला. दोन्हींत नापास झालेल्यांनी झाडापासून सुरुवात करावी, कारण चुकीच्या आराखड्यावर रंगाचा सराव म्हणजे तीच चूक हातात आणखी घट्ट बसवणं.

ट्रेस करून पुन्हा रंगवणं

या रस्त्यावर वेळ कमी लागतो आणि प्रगती मोजता येते. पाव इम्पिरियल, म्हणजे साधारण १५ × ११ इंचांचा कागद घ्या. त्यावर पूर्ण नक्षी करायची गरज नाही. नक्षीचं एकच एकक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ५ × ५ इंचांत बसवा आणि ते चार वेळा उतरवा. मग चारही चौकोन वेगळ्या रंगसंगतीत रंगवा.

उतरवताना कार्बन पेपर वापरू नका. त्याची रेघ मेणकट असते, पाण्याचा रंग तिच्यावर बसत नाही आणि ती खोडलीही जात नाही. ट्रेसिंग पेपरच्या मागून ४बी पेन्सिल आडवी फिरवून कापसाने पुसून घ्या, मग पुढून २एच पेन्सिलने हलकी रेघ ओढा. उतरलेली रेघ खोडरबराने टिपून फिकी करा. काळी राहिली तर पिवळा रंग तिथे हिरवट-मळका होतो. प्रत्येक वेळी मूळ रेखाटनावरूनच ट्रेस करा. ट्रेसवरून ट्रेस केला की पाकळीचं टोक बोथट होत जातं, पानाचे दाते गोल होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीत जास्वंदीची सदाफुली झालेली असते.

पहिला चौकोन एकरंगी करा: एकच रंग, त्यात पांढरा आणि काळा. आधी कागदाच्या कडेला सात घरांची पट्टी करा, अगदी फिक्यापासून अगदी गडदपर्यंत. फुलाला एक घर, पानाला त्यापासून किमान दोन घरं दूर, पार्श्वभूमीला आणखी दूर. हा चौकोन जमला की पुढच्या तिन्हींत लाल-हिरवं वापरताना तीच घरं पाळायची. लाल तसाच ठेवून पान गडद करता येतं, किंवा पान तसंच ठेवून लालमध्ये पांढरा घालून फूल उजळता येतं. एका चौकोनात एकच बदल करा. दोन बदल एकदम केले की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

या रस्त्याचा तोटाही स्पष्ट आहे. डोळा पाहायचं थांबवतो. आराखडा दिलेला असल्यामुळे हात भरण्याचं काम करतो, आणि पाच-सहा वेळा केल्यावर कंटाळाही येतो. एका नक्षीचे दोन कागद, म्हणजे आठ चौकोन झाले की ट्रेस करणं थांबवा.

झाडापाशी परत जाणं

जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं. म्हणून काम सकाळचंच. एकेरी पाकळ्यांचं फूल निवडा. दुहेरी जास्वंद दिसायला भरगच्च असते, पण तिच्यात रचना सापडत नाही. फुलाबरोबर दोन-तीन पानं असलेली काडी घ्या आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन रेखाटनं करा, प्रत्येकाला वीस मिनिटं. रंग नको, २बी पेन्सिल पुरे.

आता पाकळ्यांच्या कडा पाहा. बहुतेकांच्या जुन्या चित्रात एक पाकळी सगळ्यांच्या वर असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाली आणि बाकीच्या कशाही. खऱ्या फुलात तसं नसतं. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, पाचही पाकळ्यांत एकाच दिशेने. त्यामुळे फूल भिरभिऱ्यासारखं फिरतं. ही एक गोष्ट बरोबर काढली की सपाट रंगातही फुलाला गती येते. ती चुकली की छायाप्रकाश घालूनही फूल कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं.

पानाकडेही असंच बघा. दाते देठाजवळ जवळजवळ नसतात, टोकाकडे ठळक होतात. पानं काडीवर समोरासमोर नसून एकाआड एक येतात. जुन्या चित्रात जोडीजोडीने काढलेली पानं बघून वेल तोरणासारखी ताठ का वाटत होती, हे इथे समजतं. फुलाच्या मधून बाहेर येणाऱ्या पुंकेसरांच्या नळीच्या टोकाला पाच ठिपके असतात आणि ती थोडी कलते. तिचा तो कल जपा, कारण वर्तुळाकार फुलाचा सारखेपणा मोडणारी ती एकच तिरपी रेघ आहे.

यानंतर सोपं करण्याचं काम, आणि खरी कसोटी तिथेच. पाकळीच्या कडेची प्रत्येक लहर काढायची नाही. तीन लहरी ठेवा, बाकी सोडा. शिरा सगळ्या नकोत, तळापासून निघणाऱ्या तीन-चार पुरेत. विद्यार्थी इथे दोन्ही टोकांना चुकतात. एक तर निरीक्षणाचा इतका मोह पडतो की नक्षीचं वनस्पतीशास्त्राचं चित्र होतं, नाही तर घाईने सोपं करताना परत जुन्याच पाठ झालेल्या फुलावर घसरतात. दुसरा धोका टाळायचा उपाय साधा आहे: आकृतिबंध बांधून होईपर्यंत जुनं चित्र कपाटात ठेवा.

मांडणी करताना पट्टे दिसत असतील तर उभी दुसरी रांग अर्ध्या एककाने खाली सरकवा. कापड छपाईत याला हाफ-ड्रॉप म्हणतात. कोपऱ्यातलं भोक पान लांबवून भरू नका, कळी घाला. कळी लहान असल्याने मुख्य फुलाशी स्पर्धा करत नाही.

या रस्त्याला वेळ बराच लागतो. रेखाटनं, सोपी आकृती, जोडणी आणि मग रंग, असे सहज चार-पाच दिवस जातात. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर हा घाट घालू नये.

अजिंठ्याच्या छतांकडे पाहिलं तर हे दोन रस्ते एकमेकांचे शत्रू नाहीत हे कळतं. लेणी क्रमांक १ आणि २ च्या छतांवर चौकटी आखून त्यांत कमळ पुन्हा पुन्हा आलं आहे, कुठे पूर्ण उमललेलं, कुठे कळी, कुठे वेलीच्या वळणात. रंग मोजकेच: गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, पांढरा आणि लाजवर्दाचा निळा. त्या चित्रकारांनी फूल बदललं नाही, रंगही फारसे वाढवले नाहीत, तरी चौकटी कंटाळवाण्या झाल्या नाहीत. पुढे १८७२ ते १८८५ या काळात ब्रिटिश चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या, त्यांत छतावरची नक्षीही होती. हुबेहूब उतरवणं हेही शिक्षणच होतं, पण उतरवायला निवडलेली गोष्ट त्या तोलाची होती. आपल्या जुन्या आराखड्याला हाच प्रश्न विचारा: हा पुन्हा उतरवण्याच्या लायकीचा आहे का?

रंग कोणता घ्यावा?

परीक्षेसाठी किंवा नक्षीचा सराव म्हणून पोस्टर कलरच घ्या. सपाटपणा, झाकण्याची ताकद आणि स्वच्छ कड या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. पण तो वाटतो तितका भोळा नाही.

बाटलीत वर साचलेलं गोंदाचं पाणी ओतून देऊ नका, काडीने तळापासून ढवळा. गोंद गेला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. वाळून दगड झालेला रंग पाण्यात भिजवला तर त्यात कण राहतात. तो लहान ठिकाणी चालेल, पार्श्वभूमीला नको. रंग घट्ट ताकाइतका पातळ असावा. त्याहून घट्ट लावला तर वाळून तडकतो, पातळ केला तर खालचा कागद डोकावतो. पार्श्वभूमीचा रंग लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट एकदमच कालवा. मध्येच संपला तर तीच छटा परत मिळत नाही आणि जोडावर ठिगळ दिसतं. फिकट छटा वाळल्यावर थोड्या गडद आणि गडद छटा थोड्या फिक्या होतात, म्हणून आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून बघा.

रंगाचा दुसरा हात, म्हणजे दुसरा थर, एका दिशेने आणि एकदाच फिरवा. ब्रश घासत राहिलात तर खालचा थर ओला होऊन वर येतो. क्रिमसनवर पांढरा लावला की तो बऱ्याचदा गुलाबी होतो, कारण खालचा लाल पाण्याबरोबर वर चढतो. त्यामुळे पुंकेसरांची नळी लालवर पिवळ्याने काढायच्या भानगडीत पडू नका, ती जागा आधीपासून कोरी सोडा. हिरवा बाटलीतला न घेता लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा करा. पिवळा वाटाण्याएवढा असेल तर निळा मोहरीएवढाच पुरतो. निळ्यापासून सुरुवात केली तर पिवळ्याची अख्खी बाटली संपेल. हा हिरवा भडक वाटला तर त्याला काळ्याने मारू नका, ब्रशच्या टोकाने किंचित लाल घाला.

जलरंग झाडापाशी केलेल्या अभ्यासाला उत्तम. पाकळीच्या कंठाशी गडद होत जाणारा लाल त्यात जितका जिवंत येतो तितका दुसऱ्या कशात येत नाही. पण सपाट नक्षी त्यात करायची तर वॉशवर, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर देण्यावर, पक्की हुकमत हवी. अर्धवट वाळलेल्या वॉशला ओला ब्रश लागला की कडा फाटलेला डाग फुलतो आणि तो झाकता येत नाही. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या. पातळ कार्ट्रिज पेपर वापरायचाच असेल तर भिजवून गमटेपने बोर्डावर ताणून वाळवा, नाही तर कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, म्हणून लालवर पिवळे ठिपके त्यात बिनधास्त देता येतात. पिशवी, लाकूड, मडकं असं काही रंगवायचं असेल तर तोच घ्या. कागदावर शिकण्यासाठी मात्र तो जरा कडक मास्तर आहे. कड चुकली की पाण्याने सारखी करता येत नाही, पिवळ्या आणि लाल रंगाने कागद झाकायला दोन-तीन हात लागतात, आणि रंग वाळेपर्यंत पाण्याबाहेर राहिलेला ब्रश बहुधा कायमचा जातो.

ब्रश तिन्हींसाठी तेच चालतील: बारीक कडेला २ नंबरचा गोल, पाकळी भरायला ६ नंबरचा गोल, पार्श्वभूमीला अर्ध्या इंचाचा चपटा. गोल ब्रश पाण्यात बुडवून झटकल्यावर त्याचं टोक आपोआप जुळायला हवं. जुळत नसेल तर नवा घ्या, त्या ब्रशने कड कधीच स्वच्छ येणार नाही.

नवा कागद पूर्ण झाला की मागे तारीख, वापरलेले रंग आणि केलेला एक बदल पेन्सिलने लिहा. मग जुनं आणि नवं शेजारी शेजारी भिंतीवर लावा, दहा फुटांवरून बघा आणि दोन्हींचे कृष्णधवल फोटो परत काढा.