जीसीसी: काळ्या खिडकीतला कंपायलर

भलामोठा एडिटर काढून टाकला. महिनाभर सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला फक्त नोटपॅड आणि जीसीसी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारं साधन, वापरतेय. फुकट आहे आणि १९८७ पासून चालत आलाय.

पहिली संध्याकाळ मात्र रडवेली गेली. कमांड प्रॉम्प्टवर ‘जीसीसी’ टाइप केलं की एकच उत्तर: अशी कमांडच नाही. जीसीसी ज्यात असतो त्या बिन फोल्डरचा पत्ता मी पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, घातलाच नव्हता. घातला, तरी तेच! जुनी खिडकी बंद करून नवी उघडावी लागते, हे कळायला तास गेला.

मग ‘जीसीसी हॅलो.सी -ओ हॅलो’ (हॅलो.सी या फाइलपासून हॅलो नावाचा प्रोग्रॅम बनव), एंटर. काहीच छापलं नाही, कर्सर मुकाट खालच्या ओळीवर. म्हटलं, बिघडलं. पण इथे गप्प राहणं म्हणजेच पास!

कमांडमध्ये ‘-वॉल’ (-Wall) हा संभाव्य चुकांचे इशारे देणारा पर्याय लावाच. एकदा स्कॅनएफ या टाइप केलेला आकडा वाचणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलआधीचं अँडचं चिन्ह (&) राहिलं. प्रोग्रॅम बिनबोभाट तयार झाला आणि आकडा टाकताच कोसळला. ‘-वॉल’ लावल्यावर नेमकी तीच ओळ दाखवली, खाली बाणासकट. नावात ‘ऑल’ असलं तरी सगळे इशारे देत नाही, उरलेल्यांतले काही ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ या वेगळ्या पर्यायात. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पहिल्या संध्याकाळचा कापला.