हरकतीचं टायपिंग झकास, नकाशा घडीत गेला

मालवणात कचेरीजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे नगरपालिकेच्या प्रभाग रचनेवरची हरकत टाइप करून घेतली, नकाशाची प्रतही काढली. टायपिंग झकास. टाइप करणाऱ्या मुलीने शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही, उलट माझीच दोन वाक्यं सरळ केली. नकाशाने मात्र घात केला. मोठी प्रत मागितली तर मालक म्हणतो, "काका, ह्येच्यापेक्षा मोठो कागद गावाचो नाय." ए-३ वर आमच्या वाडीची हद्द नेमकी घडीत गेली. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे की पलीकडे, भिंग लावूनही कळेना! वर दुसऱ्या प्रतीचे पैसे वेगळे.

घाई एवढ्यासाठी, की अंतिम रचना लागली की कोर्टाची वाट अरुंद. कोर्टाला हात घालू न देणारं राज्यघटनेचं कलम नगरपालिकेला २४३ झेडजी आडवं येतं, विधानसभा-लोकसभेला ३२९. २०२४ मध्ये मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरच्या किशोरचंद्र राठोड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उघड मनमानीपुरतं दार किलकिलं ठेवलं खरं, पण त्या भरवशावर कोण बसणार? २००८ च्या पुनर्रचनेत आमचा मालवण मतदारसंघ कुडाळात गेला तो गेलाच.

टायपिंगला चार तारे, नकाशाला दीड. पट्टी आणि भिंग घरून न्या.