कमानपाट्याची गावठी कुऱ्हाड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पातं पाऊण किलोचं, दांडा दीड फुटाचा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) गावच्या लोहाराने घडवलेली. पावसाळा, हिवाळा आणि विदर्भातला मे, तिन्ही पाहून झाले. सरपण फोडणं, तंबूच्या खुंट्या तासणं, चुलीसाठी ढलप्या काढणं एवढ्यासाठी एकच हत्यार ठेवायचं तर हेच ठेवा. मात्र नऊ महिन्यांत डोकेदुखी झाली ती पात्याची कमी, दांड्याची जास्त.

पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून बुडवलं की कडक होतं. बांधकामाच्या सळईचं पातं दिसायला तसंच, पण धार दुमडते. घेताना धारेवर कानस हलकेच फिरवून बघा. नुसती घसरली तर पाणी जास्त, सहज खात गेली तर पाणीच नाही. थोडी अडत, थोडी खात चालली की घ्या.

या पात्याला पाणी जास्त होतं. बाभळीच्या वाळल्या गाठीवर गव्हाएवढा तुकडा उडाला. उपाय जुनाच आहे: पातं घासून चकचकीत करायचं, मागची बाजू निखाऱ्यावर धरायची. पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असे रंग धारेकडे सरकतात. धारेवर जांभळट छटा आली (साधारण २८० अंश) की लगेच पाण्यात. त्यानंतर तुकडा उडालेला नाही. धार मात्र कानस आणि दगडानेच लावा. ग्राइंडरवर कड निळी झाली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलंच.

आता दांडा. पावसाळ्यात बसवलेला दांडा मेमध्ये हमखास हलतो. दमट हवेत फुगलेलं लाकूड ४५ अंशांत आक्रसतं आणि नेढ्यात (पात्याच्या भोकात) खेळू लागतं. मग कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवायची सवय सगळ्यांना. ती मोडा. फुगलेले तंतू लोखंडाला दाबून चेपतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. धामण किंवा तिवसाचं वाळलेलं लाकूड एप्रिल-मेमध्येच बसवा, पाचर पक्क्या वाळल्या बाभळीची. धामण लवचिक, हाताला झिणझिण्या कमी. टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेने हव्यात, आडव्या असतील तर दांडा मानेत मोडतो.

दीड फुटी कुऱ्हाडीने उभ्याने फोडू नका, चुकलेला घाव नडगीवर येतो. गुडघे टेकून, ठोकळ्यावर फोडा. बांबू चिरायला ही निरुपयोगी. जाड पातं चीर भलतीकडे नेतं, तिथे पातळ कोयताच हवा. पऱ्हाटी आणि तुराट्या तर हातानेच मोडतात, त्यासाठी कशाला कुऱ्हाड!

ताडोबा, पेंचकडे जाताना ही घरीच राहू द्या. वन्यजीव कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि कुऱ्हाड खुंट्यांसाठी आहे हे वनरक्षकाला पटवणं सोपं नाही.

पावसाळ्यात पात्यावर दोन दिवसांत तांबेरा चढतो, वापरानंतर पुसून तेलाचा हात द्या. दांड्याला जवसाचं कच्चं तेल, पातळ थर, तीन-चार वेळा, दर वेळी पूर्ण वाळू देऊन. हे तेल वाळताना गरम होतं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं, त्यातून आपला उन्हाळा. फडकं एकपदरी पसरून उघड्यावर वाळवा.